परक्याला आपलेसे करणारा शास्त्रज्ञ

विद्यार्थी मित्रांनो, 'कलम' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. कलम म्हणजे लेखणी. पण बागेत काम करणारा माळी वेगळ्याच कलमाबद्दल बोलतो. तो रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी घट्ट बांधतो. काही आठवड्यांत ती काडी रोपाशी एकजीव होते. पुढे त्या झाडाला हापूस आंबे लागतात. रोपाने परकी काडी आपली मानलेली असते.

माणसाच्या शरीरावर असे कलम करता येईल का? एखाद्याचा अवयव निकामी झाला, तर दुसऱ्याचा अवयव त्याच्या शरीरात बसवता येईल का? हे स्वप्न माणसाने फार पूर्वीपासून पाहिले. स्वतःच्याच शरीराची त्वचा एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावण्याची विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळ झालेल्या अशाच एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली होती. कावसजी नावाच्या एका गाडीवानाचे नाक कापले गेले होते. त्याच्याच कपाळावरची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून देण्यात आले. ते नाक टिकले. इंग्रज डॉक्टर ही करामत पाहून थक्क झाले.

परंतु एका माणसाची त्वचा दुसऱ्याला लावली, तर ती टिकत नसे. सुरुवातीला सारे ठीक दिसे. मग काही दिवसांनी ती त्वचा काळवंडे आणि गळून पडे. असे का होते, हे कोणालाही समजत नव्हते. हे कोडे ज्यांनी सोडवले, त्या सर पीटर मेडावार यांची ही कहाणी आहे.

पीटर मेडावार यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्राझील देशातील पेत्रोपोलिस या गावी झाला. त्यांचे वडील मूळचे लेबनॉनचे. ते धर्माने ख्रिस्ती होते आणि व्यापारासाठी ब्राझीलमध्ये आले होते. आई इंग्रज होती. त्यांचे आडनाव अरबी आहे. उर्दूतला 'मुदव्वर' हा शब्द तुम्हांला ठाऊक असेल. मुदव्वर म्हणजे गोल. तोच शब्द युरोपात जाऊन 'मेडावार' झाला.

पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास हे कुटुंब इंग्लंडला आले. पुढे पीटरला मार्लबरो येथील वसतिगृहाच्या शाळेत घालण्यात आले. शाळेतील शिस्त अतिशय कडक होती. बाहेरून आलेल्याला परके लेखणारे तिथले वातावरण पीटरला मुळीच आवडले नाही. एक गोष्ट मात्र त्याला तिथे मिळाली. जीवशास्त्र मन लावून शिकवणारे एक शिक्षक भेटले आणि पीटरला त्या विषयाची गोडी लागली. एका चांगल्या शिक्षकामुळे नावडती शाळासुद्धा उपयोगी पडते, ती अशी!

१९३२ मध्ये पीटर ऑक्सफर्ड विद्यापीठात दाखल झाले. प्राणिशास्त्राची पदवी त्यांनी पहिल्या वर्गात मिळवली आणि तेथेच संशोधन सुरू केले. १९३७ मध्ये जीन टेलर या आपल्या सहाध्यायी मुलीशी त्यांनी विवाह केला. मेडावार अंगाने खूप उंच होते. त्यांना संगीताची आणि क्रिकेटची आवड होती. दिवस सुखाचे होते. तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले.

१९४० सालची गोष्ट. रविवार होता. मेडावार, त्यांची पत्नी आणि लहान मुलगी ऑक्सफर्डमधील आपल्या घराच्या बागेत बसली होती. अचानक एक बॉम्बफेकी विमान अगदी खालून, घरघरत आले आणि जवळच्याच एका घराच्या बागेत कोसळले. मोठा स्फोट झाला. वैमानिक जिवंत सापडला, पण त्याचे शरीर भयंकर भाजले होते.

भाजलेल्या माणसाला मोठा धोका असतो. त्वचा हे शरीराचे कवच आहे. ते नाहीसे झाले, की शरीरातले पाणी बाहेर झिरपत राहते आणि रोगजंतू आत शिरतात. जखम थोडी असेल, तर रोग्याच्या मांडीची त्वचा काढून तिथे लावता येते. पण अंगावर पुरेशी चांगली त्वचाच उरली नसेल, तर काय करायचे? ओळखीच्या एका डॉक्टरांनी मेडावार यांना रुग्णालयात बोलावले आणि काही मार्ग सुचतो का, असे विचारले.

मेडावार प्राणिशास्त्रज्ञ होते. ते डॉक्टर नव्हते. तोपर्यंत त्यांचे संशोधन प्रयोगशाळेच्या चार भिंतींत चाललेले होते. आता त्यांच्यासमोर वेदनेने तळमळणारा एक तरुण होता. थोड्याशा त्वचेपासून काचेच्या भांड्यात जास्त त्वचा वाढवता येईल का, हे त्यांनी करून पाहिले. इतरही उपाय केले. मनासारखे यश मिळाले नाही. सर्वांत सोपा उपाय डोळ्यांसमोर दिसत होता. धडधाकट माणसे शेकडो होती. त्यांच्यापैकी कोणाचीही थोडी त्वचा घेऊन रोग्याला लावायची. पण नेमके तेच जमत नव्हते. का जमत नाही? हा प्रश्न मेडावार यांच्या मनात रुतून बसला आणि पुढे जन्मभर त्यांच्या सोबत राहिला.

उत्तर शोधण्यासाठी ते स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात गेले. तेथील रुग्णालयात भाजलेल्या रोग्यांवर उपचार करणारे टॉमस गिब्सन नावाचे शल्यचिकित्सक होते. त्यांच्याकडे एक तरुण स्त्री दाखल झाली होती. ती शेगडीवर पडून गंभीर भाजली होती. दोघांनी तिच्या जखमेवर तिच्या स्वतःच्या त्वचेचे लहान लहान तुकडे लावले आणि शेजारी तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावले. स्वतःचे तुकडे रुजले. भावाचे तुकडे आधी रुजल्यासारखे दिसले आणि नंतर नष्ट झाले. इथपर्यंत नवीन काही नव्हते.

मग त्यांनी भावाच्या त्वचेचे तुकडे पुन्हा एकदा लावले. या वेळी ते पहिल्यापेक्षा खूपच लवकर नष्ट झाले.

मित्रांनो, ही साधी वाटणारी गोष्ट फार महत्त्वाची होती. विचार करा. गोवर एकदा येऊन गेला, की सहसा पुन्हा येत नाही. कारण शरीर त्या रोगाचे विषाणू लक्षात ठेवते आणि ते पुन्हा आले तर ताबडतोब त्यांच्यावर तुटून पडते. भावाच्या त्वचेच्या बाबतीतही शरीराने तेच केले होते. म्हणजे ती त्वचा खराब होती, नीट लावली गेली नव्हती किंवा तिला रक्त मिळाले नव्हते, असे काही नव्हते. शरीराने तिला परकी म्हणून ओळखले होते, लक्षात ठेवले होते आणि हाकलून दिले होते. रोगापासून आपले रक्षण करणारी जी प्रतिकारशक्ती, तीच इथे आड येत होती. जो पहारेकरी चोराला अडवतो, तोच मदतीला आलेल्या पाहुण्यालाही दाराबाहेर काढत होता. १९४३ मध्ये गिब्सन आणि मेडावार यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

एका रोग्यावरून नियम ठरवता येत नाही, हे मेडावार जाणून होते. ऑक्सफर्डला परतल्यावर त्यांनी २५ ससे घेतले. प्रत्येक सशाची त्वचा प्रत्येक सशाला लावायची, असे त्यांनी ठरवले. किती शस्त्रक्रिया झाल्या असतील? २५ ला २५ ने गुणा. ६२५! त्वचेचे तुकडे रोज पाहायचे, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे आणि नोंदी ठेवायच्या. दिवसा शिकवणे आणि रात्री उशिरापर्यंत हे काम, असा क्रम बराच काळ चालला. ग्लासगोला जे दिसले होते, तेच सशांमध्येही दिसले. शिवाय आणखी एक गोष्ट समजली. शरीराची आठवण अगदी नेमकी असते. एका सशाची त्वचा आधी नाकारलेली असेल, तर त्याच सशाची त्वचा दुसऱ्यांदा लवकर नाकारली जाते. तिसऱ्याच सशाची त्वचा लावली, तर मात्र शरीराची ओळख नव्याने सुरू होते.

आता कोड्याचे अर्धे उत्तर मिळाले होते. पण ते निराश करणारे होते. परक्याला ओळखणे हा जर शरीराचा स्वभावच असेल, तर तो बदलणार कसा? पुष्कळ डॉक्टरांना वाटू लागले, की एकाचा अवयव दुसऱ्याला बसवणे कधीच शक्य होणार नाही.

या अंधारात प्रकाश दिसला, तो एका चुकीमुळे. ती चूक खुद्द मेडावार यांची होती.

१९४८ मध्ये स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे शास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तेथे गुरांवर संशोधन करणारे एक शास्त्रज्ञ मेडावार यांना भेटले. त्यांची एक अडचण होती. जुळी वासरे दोन प्रकारची असतात. काही एकाच बीजापासून झालेली, म्हणजे हुबेहूब सारखी. काही दोन वेगळ्या बीजांपासून झालेली, म्हणजे साध्या भावंडांसारखी. ती नक्की कशी ओळखायची? मेडावार यांनी लगेच उत्तर दिले, की हे अगदी सोपे आहे. एका वासराची त्वचा दुसऱ्याला लावा. टिकली तर ती सारखी जुळी, गळून पडली तर साधी जुळी. एवढेच नव्हे, तर हे काम आपण स्वतः करून दाखवू, असे वचनही त्यांनी दिले.

वचन पाळणे भाग होते. त्या वेळी मेडावार बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक होते. रूपर्ट बिलिंगहॅम या आपल्या तरुण सहकाऱ्याला घेऊन ते शहरापासून दूर असलेल्या गुरांच्या फार्मवर जाऊ लागले. ससा टेबलावर ठेवता येतो. वासराला आवरायला माणसे लागतात! शेण, चिखल आणि थंडी यांत काम करावे लागे. आणि निकाल काय लागला? जवळजवळ सगळ्याच जुळ्यांनी एकमेकांची त्वचा स्वीकारली. एक वासरू नर आणि दुसरे मादी असले, तरी स्वीकारली. नर आणि मादी ही सारखी जुळी असूच शकत नाहीत. म्हणजे मेडावार यांनी सांगितलेला नियम साफ चुकला होता.

तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केले असते? गुरांचा नाद सोडून पुन्हा सशांकडे वळला असता का? मेडावार यांनी तसे केले नाही. आपण चुकलो, हे त्यांनी मान्य केले आणि का चुकलो, याचा शोध सुरू केला. तेव्हा त्यांना अमेरिकेतील रे ओवेन या शास्त्रज्ञाचे १९४५ सालचे संशोधन वाचायला मिळाले. आईच्या पोटात असताना जुळ्या वासरांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे एकाचे रक्त दुसऱ्यात मिसळते. एकाच्या रक्तपेशी दुसऱ्याच्या शरीरात पुढेही राहतात आणि त्यांचे भांडण होत नाही. ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफर्लेन बर्नेट यांनी यावरून एक तर्क मांडला होता. आपले कोण आणि परके कोण, हे शरीर जन्मतःच जाणत नाही. ते शरीर शिकते. जन्माआधी ज्याची ओळख झाली, ते आपले. ज्याची ओळख नंतर झाली, ते परके.

तर्क सुंदर होता. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मेडावार यांनी दिला.

१९५१ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आले. बिलिंगहॅम त्यांच्याबरोबर होते. लेस्ली ब्रेंट नावाचा एक विद्यार्थीही त्यांना येऊन मिळाला. ब्रेंट हा जर्मनीतील ज्यू मुलगा. हिटलरच्या जुलमातून वाचवण्यासाठी १९३८ मध्ये त्याला एकट्यालाच इंग्लंडला पाठवण्यात आले होते. मागे राहिलेले त्याचे आईवडील मारले गेले. ज्याला स्वतःच्या देशाने परके ठरवले, तो मुलगा आता शरीरातील परकेपणाचे कोडे सोडवू लागला.

तिघांनी उंदरांच्या दोन जाती निवडल्या. एक जात तपकिरी, दुसरी पांढरी. तपकिरी मादीच्या पोटातील पिल्लांना, ती जन्मण्यापूर्वीच, पांढऱ्या जातीच्या पेशी अतिशय बारीक सुईने टोचण्यात आल्या. पिल्ले जन्मली आणि मोठी झाली. सुमारे आठ आठवड्यांनी त्यांच्या अंगावर पांढऱ्या जातीच्या उंदराची त्वचा लावली. एरवी ती दोन आठवड्यांच्या आत गळून पडली असती. पण काही उंदरांवर ती टिकली. तिच्यावर पांढरे केस उगवले. तपकिरी उंदराच्या अंगावर पांढऱ्या केसांचा तुकडा! त्याच उंदरांना तिसऱ्या जातीची त्वचा लावली, तर ती मात्र त्यांनी नाकारली. म्हणजे त्यांची प्रतिकारशक्ती दुबळी झालेली नव्हती. तिने पांढऱ्या जातीला तेवढे आपले मानले होते. हे संशोधन १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता तुम्ही विचाराल, की याचा माणसाला काय उपयोग? कोणाचा गुर्दा पुढे निकामी होणार आणि त्याला कोणाचा गुर्दा मिळणार, हे जन्मापूर्वी कसे कळणार? तुमची शंका बरोबर आहे. हा प्रयोग जसाच्या तसा रोग्यांवर करता येण्यासारखा नव्हता. पण जी भिंत कधीच हलणार नाही असे वाटत होते, ती हलवता येते, हे त्याने सिद्ध केले. जगभरच्या डॉक्टरांना धीर आला.

१९५४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात जोसेफ मरे यांनी एका तरुणाचे मूत्रपिंड, म्हणजे गुर्दा, त्याच्या आजारी जुळ्या भावाच्या शरीरात बसवला. ते दोघे हुबेहूब सारखे जुळे होते, म्हणून तो टिकला. पण असा जुळा भाऊ किती जणांना असणार? मग प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे शोधण्यात आली. त्यांच्या मदतीने १९६२ मध्ये मरे यांनी नात्यात नसलेल्या मृत माणसाचे मूत्रपिंड बसवून दाखवले. १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया केली. १९७१ मध्ये आपल्या देशात वेल्लूर येथे मूत्रपिंड बसवण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पुढे मातीतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध मिळाले आणि १९८० नंतर अशा शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या.

१९६० मध्ये मेडावार आणि बर्नेट यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांची नावे त्यात नव्हती. मेडावार यांना ते बरे वाटले नाही. काम तिघांनी मिळून केले, असे ते मानत होते. त्यांनी आपल्या वाट्याच्या रकमेतून दोघांनाही हिस्सा दिला. १९६५ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. तोपर्यंत ते लंडनमधील एका मोठ्या वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक झाले होते. संचालक झाल्यावरही ते प्रयोगशाळेत स्वतः काम करत.

सर्व काही असे उत्तम चालले असताना १९६९ मध्ये त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. एक्झीटर शहरात एका विज्ञान संमेलनाचे ते अध्यक्ष होते. तेथील मोठ्या चर्चमध्ये सर्वांसमोर वाचन करत असताना त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण लकवा झाला. डावा हात आणि पाय निकामी झाले. दृष्टीही अधू झाली. त्या वेळी त्यांचे वय फक्त ५४ वर्षांचे होते.

ज्या हातांनी शेकडो शस्त्रक्रिया केल्या होत्या, त्यांपैकी एक हात आता उचलत नव्हता. तरी मेडावार थांबले नाहीत. पत्नी जीन त्यांच्या पाठीशी उभी राहिली. ते प्रयोगशाळेत जात राहिले, सहकाऱ्यांच्या मदतीने प्रयोग करत राहिले आणि पुस्तके लिहू लागले. तरुण शास्त्रज्ञांना सल्ला देणारे त्यांचे पुस्तक १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. लकव्याचे झटके पुन्हा आले. तरीही १९८६ मध्ये त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. २ ऑक्टोबर १९८७ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी सुरू केलेले काम अजून पुरे झालेले नाही. दुसऱ्याचा अवयव मिळालेल्या बहुतेक रोग्यांना आजही जन्मभर औषधे घ्यावी लागतात. ही औषधे पहारेकऱ्यालाच गुंगी आणतात, म्हणून असे रोगी इतर आजारांना लवकर बळी पडू शकतात. उंदरांना शिकवले तसे मोठ्या माणसाच्या शरीरालाही आपलेपण शिकवता येईल का, याचा शोध चालू आहे. २००८ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी काही रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांना मूत्रपिंडाबरोबर त्याच दात्याच्या हाडांतील मगजही देण्यात आला होता. त्यांच्यापैकी काही जणांची औषधे बंद करता आली. वाट सापडली आहे, पण ती अजून अरुंद आहे.

मित्रांनो, एका भाजलेल्या वैमानिकाकडे पाहून मेडावार यांना प्रश्न पडला आणि तो त्यांनी सोडला नाही. पुढे त्यांचे स्वतःचे उत्तर चुकले, तेव्हा त्यांनी ती चूक झाकली नाही. ती उलटून पाहिली आणि तिच्याखाली त्यांना खरे उत्तर सापडले. तुमच्या वहीतले एखादे उदाहरण चुकले किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत अपेक्षेपेक्षा वेगळाच रंग आला, तर लगेच खोडरबर शोधू नका. थोडे थांबा आणि असे का झाले, हे आधी स्वतःला विचारा.